सड्याच्या नोंदी : राजापूर तालुक्यातला एक कातळ, मे २०२३ ते जून २०२४

आमचा अभ्यास एका सड्याचा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावाच्या डोक्यावर असतं ते. त्यातला दगड, पाणी, झाडं-जनावरं, जमिनीचे कागद आणि माणसं, हे सगळं एकाच सड्यावर वर्षभर बघायचं ठरवलं. मी महाविद्यालयात भूगोल शिकवते. सोबत तीन विद्यार्थी : एक वनस्पतिशास्त्राचा, दोन भूगोलाच्या. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कारण नोंदींतच येईल. असं काम दुसरं कुणी करणार असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहून ठेवलं.

१२ मे २०२३

पहिलाच दिवस फुकट गेला, आणि चूक सर्वस्वी माझी. सकाळी सातला चौघं सड्यावर चढलो. हातात पन्नास मीटरची टेप, तिपाई, होकायंत्र, झेंडे लावलेल्या काठ्या. अर्ध्या तासात खालच्या वाडीतून पंधरा-वीस माणसं वर आली, बायका पुढे. “कसली मोजणी चाललीय?” एवढंच विचारलं, पण आवाजात भीती होती.

जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, एप्रिलात, याच तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाचं ड्रिलिंग सुरू झालं होतं. लोक उन्हात कातळावर ठाण मांडून बसले होते, पोलीस बंदोबस्त होता. अशा वेळी तिपाई घेऊन, कुणाला न विचारता सड्यावर चढायचं म्हणजे काय, हे मला आधी कळायला हवं होतं. ओळखपत्रं दाखवली, महाविद्यालयाचं पत्र दाखवलं. एक काकी म्हणाल्या, “मॅडम, कागद तर त्यांच्याकडं पन होतेच.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सामान गुंडाळून खाली आलो.

१४ मे

देवळात गावकीची बैठक होती. सरपंचांना आधी भेटून त्यांच्याच सोबतीने गेलो. काय करणार, कशासाठी, पैसे कुणाचे, कागद शेवटी कुणाकडे जाणार, असे चार प्रश्न आले. चारही रास्त. पैसे आमचेच आहेत, हे सांगितल्यावर ताण उतरला. तीन अटी ठरल्या : गावाचं नाव छापायचं नाही, सड्यावर जाताना वाडीतला एक माणूस सोबत असेल (त्याची रोजी आम्ही द्यायची, दिवसाला ५०० रुपये), आणि जे सापडेल ते आधी गावाला सांगायचं. तिन्ही अटी वहीत लिहून सह्या केल्या. हे काम बारा तारखेच्या आधी केलं असतं तर दोन दिवस आणि बरीच मनं वाचली असती.

२२ ते २४ मे

सड्याचे तीन तुकडे निवडले. पहिला मोकळा कातळ, दुसरा पावसाळ्यात भात लावतात तो, तिसरा आंब्याच्या कलमांचा. तिन्ही एकाच सपाटीवर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. प्रत्येकात शंभर मीटरच्या दोन सरळ रेषा आखायच्या होत्या.

खुंट्या ठोकायला गेलो आणि पहिल्याच घावात कळलं की जांभ्यात खुंटी जात नाही. वरचा थर उन्हाने लोखंडासारखा झालेला असतो. चिरेखाणीत बघा, आतला दगड खणताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, म्हणून तर चिरे कापता येतात आणि घरं शंभर वर्षं टिकतात. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हेच पाहून १८०७ मध्ये या दगडाला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, तरी खुंट्या घेऊन गेले.

तोडगा : तेलाचे रिकामे डबे आणले, त्यात काठी उभी करून सिमेंट-खडी ओतली. बारा डबे, ९४० रुपये. जिथे ठेवाल तिथे उभे राहतात, दगडाला छिद्र पडत नाही, काम संपल्यावर उचलून नेता येतात.

दुसरी अडचण होकायंत्राची. उत्तर-दक्षिण म्हणून आखलेली रेषा दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत वाकडी झाली. दोघींनी वेगवेगळ्या यंत्रांनी बघितलं, प्रत्येक दहा मीटरला सुई वेगळं सांगायची. जांभा लोहाने भरलेला, सुई ढळणारच. याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्र फिरतं म्हणून लोक मुद्दाम बघायला जातात, आणि आम्ही मात्र त्याच दगडावर त्याच यंत्राच्या भरवशावर होतो. तीन काठ्या नजरेच्या एका रेषेत धरून पुढे सरकायची जुनी रीत वापरली, टोकांचे बिंदू जीपीएसवर घेतले. दीड दिवस गेला. जांभ्यावर काम करणाऱ्याने होकायंत्र घरी ठेवावं.

२९ मे

दगडाखालच्या दुनियेची पहिली पाहणी. सड्यावर जांभ्याचे सुटे दगड पडलेले असतात, ताटाएवढे, परातीएवढे. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो नुसता कातळावरचा कचरा वाटतो. दुपारी एक वाजता एका दगडाच्या पाठीवर तापमान घेतलं, ५७ अंश. दगड हळूच कलता करून खालच्या कातळावर घेतलं, ३९. हाताचा पंजा मावेल एवढ्या जागेत अठरा अंशांचा फरक. खाली एक गोम, दोन मुंगळे, आणि कडेला अंग चोरून बसलेली पाल : बोटाच्या दोन पेरांएवढी, तपकिरी, अंगावर पांढरट आडवे पट्टे. उजेड पडताच ती पळाली नाही, पोट कातळाला आणखी चिकटवून घेतलं. मी श्वास रोखून दगड परत टेकवला.

या पालीचं शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावच्या नमुन्यांवरून हिचं वर्णन केलं. ही भिंतीवर चढणारी पाल नव्हे, जमिनीवरची आहे. कोकणातल्या अशा सड्यांखेरीज तिला घर नाही.

तीन तुकड्यांत मिळून १२० दगड निवडले, प्रत्येकी चाळीस. आम्ही एकही प्राणी हातात घेत नाही, फक्त बघतो आणि फोटो काढतो. पकडायचं झालं तर वनखात्याची परवानगी लागते. दगड उचलायला आकड्याची काठी, पायात गमबूट, आणि दगड नेहमी आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे आत काही असलं तर ते पलीकडे निघून जातं. इथे फुरशी फार. पहिल्याच दिवशी दोन निघाली.

११ जून

मोसमी पाऊस रत्नागिरीला पोचल्याची बातमी सकाळी आली, दुपारी सड्यावर सरी. तापलेल्या कातळावरून वाफ उठत होती.

२० जून

पण पाऊस तिथेच अडकला. समुद्रात चक्रीवादळ होतं, सगळा ओलावा तिकडे. पहिल्या सरींनी दिपकाडी कोंकणेन्स या फुलझाडाचे कांदे फुटून पांढरी फुलं वर आली होती, ती चार दिवसांत मान टाकून पडली. आम्ही फुलांची मोजणी आज, २० तारखेला ठरवली होती, कारण दोघींच्या परीक्षा होत्या. गेलो तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी उरलेली. वर्षातून एकदाच मिळणारा आकडा हातचा गेला. सड्यावर वेळापत्रक पावसाचं चालतं, विद्यापीठाचं नाही. पुढे वाडीतल्या सोबत्याला सांगून ठेवलं, काही उमललेलं दिसलं की लगेच फोन करायचा.

२ जुलै

एक मीटर बाय एक मीटरची चौकट पीव्हीसी पाइपची केली होती (६४० रुपये, कोपऱ्यांसह). वर ठेवून आतली झाडं मोजायची. वारा असा की चौकट उडाली आणि वीस मीटरवर जाऊन दुभंगली. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून लोखंडी सळईची करून आणली, ४२० रुपये. जड आहे, पण जिथे ठेवली तिथे राहते.

ओल्या सड्यावर काळं-हिरवं शेवाळ धरतं. भूगोलाची एक विद्यार्थिनी सपशेल घसरली, मनगट मुरगळलं, तिचे दोन आठवडे गेले. गमबूट इथे कामाचे नाहीत. सोबतीचे दादा प्लॅस्टिकच्या साध्या चपलांना काथ्या गुंडाळून फिरत होते. आम्हीही तेच केलं, नंतर कुणी पडलं नाही.

२० जुलै

आमचं पर्जन्यमापक घरी केलेलं होतं, दोन लिटरची बाटली कापून. १८ आणि १९ ला ती भरून वाहिली, म्हणजे ते दोन दिवस नोंदीतून गेलेच. ज्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे दोन लिटरची बाटली लावणं म्हणजे विचार न करणं. पाच लिटरचा कॅन खाली जोडला.

सकाळी इर्शाळवाडीची बातमी आली. रात्री रायगडात दरड कोसळून वाडीतली घरं गाडली गेली. आठवडाभर क्षेत्रकाम बंद ठेवलं. आमच्या सड्याच्या कडेखाली दोन घरं आहेत. आजवर तिथे आम्ही फक्त झऱ्याकडे बघत होतो. परत गेल्यावर कडेच्या भेगा मोजून, फोटो काढून ग्रामपंचायतीत दिले. आमच्या आराखड्यात हे काम नव्हतं.

६ ऑगस्ट

महिनाभराच्या वनस्पतींच्या याद्या तपासल्या आणि कपाळाला हात लावला. निळ्या-जांभळ्या फुलांच्या सगळ्या कीटकभक्षींना आम्ही ‘सीतेची आसवे’ एवढंच लिहीत गेलो होतो. भिंग लावून बघितलं तर निदान तीन जाती निघाल्या, एक तर चक्क भाताच्या ताटाला वेटोळे घालून वर चढलेली. गेंदाचीही तीच कथा. पांढऱ्या बटणांसारखी दिसणारी सगळी झाडं सारखी वाटतात, आणि जात ठरवायला बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. जुलैच्या चौतीस चौकटींचे आकडे जातीच्या पातळीवर निरुपयोगी झाले. ते टाकून दिले नाहीत, फक्त ‘युट्रिक्युलॅरिया गट’ (म्हणजे सीतेची आसवे) आणि ‘गेंद गट’ असे ठेवले. पुढे प्रत्येक शंकेच्या फुलाचा मोजपट्टीसह फोटो आणि गटातलं एकच फूल कागदात, जमिनीच्या मालकाला विचारून.

हे सगळं ज्या मातीत उगवतं तिची जाडी बघितली. मोकळ्या कातळावर बहुतेक ठिकाणी बोटाच्या पेरापेक्षा कमी. त्यात नायट्रोजन जवळजवळ नाही, म्हणून तर इथली काही झाडं किडे खाऊन जगतात. दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी झाडाच्या केसांवर चिकटलेला एक डास अर्धा तास धडपडताना बघितला. पाणी, माती, दगड आणि भूक यांचं नातं पुस्तकापेक्षा तिथे गुडघ्यावर बसून जास्त कळलं.

२४ ऑगस्ट

पाऊस गायब. पुढे हवामान खात्याने सांगितलं की १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट. सड्यावरच्या सोळा डबक्यांची खोली आम्ही दर आठवड्याला मोजत होतो. आज अकरा कोरडी होती. एकात तळाशी बेडकांची पिल्लं वाळून कातळाला चिकटलेली, शेपट्या अजून तशाच. शेजारच्या डबक्यात फेअरी श्रिंप होते, नखाएवढे पारदर्शक जीव, उताणे पोहणारे. ते डबकंही दोन दिवसांत आटेल हे दिसत होतं. त्यांची अंडी मात्र सुकलेल्या गाळात टिकतात, पुन्हा पाणी येईपर्यंत. बेडकांना ती सोय नाही.

दुसऱ्या तुकड्यातलं कातळावरचं भात पिवळं पडलं होतं. खाचर ज्यांचं, ते काका बांधावर बसून होते. बोलले काहीच नाहीत. मीही मुलाखतीची वही बाहेर काढली नाही.

२० सप्टेंबर

काल गणपती बसले. मुंबईकर सगळे गावात, त्यामुळे जमिनीच्या कागदांचं काम याच आठवड्यात होणार होतं. गेले दोन महिने मी सातबारा गोळा करत होते. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो, आमच्या तीन तुकड्यांसाठी नऊ उतारे लागले. मोकळ्या कातळाच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र नगण्य, बाकी सगळं ‘पोटखराबा, वर्ग अ’. म्हणजे पिकाला निरुपयोगी, त्यावर आकार नाही. ज्या तुकड्यावर आम्ही तोवर ६३ प्रकारच्या वनस्पती नोंदवल्या होत्या त्याला सरकारी कागदात एक शब्द, खराबा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही असा कातळ खडकाळ पडीक म्हणूनच रंगतो.

भोगवटादारांच्या रकान्यात एकतीस नावं, सामाईक. त्यातली किती माणसं हयात आहेत हे विचारायला घरोघर गेले. एका ओटीवर मोदक खाता खाता चार पिढ्या उलगडल्या. आधी खोत, मग १९४९ च्या खोती रद्द करण्याच्या कायद्यानंतर कुळांची नावं, मग एकेकाचं गिरणीत जाणं, मग वारस लावायचेच राहिले. एकतीसमधले बावीस वारलेले. “सड्याचं काय वाटून घ्यायचं? कातळ तो,” असं एक आजोबा म्हणाले, आणि लगेच त्यांच्याच सुनेने विचारलं, “मॅडम, कलमांना भाडं किती देतात हो हल्ली?”

इथे मी एक मोठी चूक केली, ती मला फेब्रुवारीत कळली. गावकीची परवानगी होती, सरपंचांची होती, म्हणून पहिल्या तुकड्याच्या एकतीस हिश्शेदारांपैकी जे भेटले त्यांना काय करतोय हे तोंडी सांगितलं आणि पुढे गेले. जे त्या दोन दिवसांत भेटले नाहीत त्यांना गाठलंच नाही.

१५ ऑक्टोबर

प्रश्नावलीचा नाद सोडला. चोवीस प्रश्न होते, ‘सड्याचा उपयोग काय’ इथून सुरू होणारे. पहिल्या अकरा घरांत उत्तर एकच : “काय न्हाय, कातळ हाय.” सहा संध्याकाळी त्यात गेल्या.

मग गुरं राखणाऱ्या एका आजींच्या मागोमाग सड्यावर दिवसभर फिरले. काही विचारलं नाही. त्याच बोलू लागल्या. हा गायवाटेचा कातळ. ही म्हशीची डबर, मार्गशीर्षापर्यंत पाणी धरते. ती उभी धोंड, तिच्या आडोशाला पावसात बसायचं. इथे देवभात उगवतो, ऋषिपंचमीला बायका काढून नेतात. इथे बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या म्हणून पाटी टाकून घरी पळाले ती जागा. “लिव बाय, हे पन लिव.” संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस नावं झाली. सातबारावर तिथे एकच गट नंबर होता.

८ डिसेंबर

गवत कापून झाल्यावर पहिल्या तुकड्याच्या कडेला कातळशिल्प उघडं पडलं. माश्यासारखी आकृती आणि बाजूला काही रेषा. गावाला ते ठाऊक होतं, पांडवांचं म्हणतात. कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी ही या तालुक्यातली ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमचं हे त्यातलं नाही.

फोटो नीट यावा म्हणून विद्यार्थ्याने रेषांत खडूची पूड भरली. त्याने इंटरनेटवर तसे फोटो बघितले होते. मी पोचेपर्यंत अर्धी आकृती पांढरी. स्वच्छ पाणी ओतून, मऊ ब्रशने दोन तास साफ केलं, तरी छिद्रांत थोडी राहिलीच. असं करू नका. संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात काहीही न भरता रेषा लख्ख दिसतात. दुसऱ्या दिवशी नुसतं थांबलो आणि हवे ते फोटो मिळाले. संबंधित खात्याला लेखी कळवलं. गावाचं नाव न देण्याचं हे दुसरं कारण.

१४ जानेवारी २०२४

झरा. सड्याच्या कडेला, जिथे जांभा संपतो आणि खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते, तिथून पाणी येतं. जांभा आतून मधाच्या पोळ्यासारखा. पावसाचं पाणी त्याच्या नळ्यांतून उतरतं आणि चिकणमातीवर अडून बाजूने बाहेर पडतं. खालची वाडी यावरच जगते. आम्ही दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ वापरलं. सप्टेंबरअखेर बादली १४ सेकंदांत भरायची, म्हणजे मिनिटाला ४३ लिटर. आज ११० सेकंद लागले, साडेपाच लिटर.

आधीच्या तीन मोजण्या मात्र चुकीच्या निघाल्या. झऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाइप पाणी कलमांकडे नेत होता, तो पाचोळ्याखाली दिसलाच नव्हता. कपडे धुणाऱ्या वहिनींनी सहज सांगितलं, “पाइप सुरू असला की निम्मंच येतं.” तेव्हापासून मोजण्याआधी त्यांना विचारतो. तीन आकड्यांवर फुली मारली.

१८ फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला जड जातंय. पहिल्या तुकड्यावर दगडांच्या हिवाळी फेरीसाठी गेलो. क्रमांक १ ते १४ होते तिथे. पंधरावा नाही. सोळावा नाही. कातळावर फक्त दगडांच्या आकाराचे फिकट डाग, भोवती शेवाळाची काळी कड. समोर नवाकोरा गडगा, कमरेएवढा, सरळ. आमचे सव्वीस दगड त्यात रचलेले. एकावर आमच्या रंगाचा ३१ आकडा बाहेरच्या बाजूला दिसत होता.

हिश्शेदारांपैकी एकाने आपल्या वाटणीच्या अंदाजाने कुंपण घातलं होतं, पुढे कलमं लावायला. ते गणपतीला भेटले नव्हते, पालघरला असतात. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या कातळावरचे त्यांचे सुटे दगड त्यांनी गोळा करून रचले, कोकणात शेकडो वर्षं हेच करत आलेत. त्या दगडांखाली काय आहे हे त्यांना सांगणं माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही.

मोकळ्या कातळाची आमची तुलनेची बाजूच अर्धी गेली. विद्यार्थिनी रडवेली झाली होती. दुपारी जेवण झाल्यावर ठरवलं की आता गडगाच बघायचा. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, विजेरीने फटीफटीतून. सापसुरळ्या दिसल्या, घरपालीच्या जातीची पाल दिसली, विंचू, एक धामण. पट्टेवाली एकही नाही. दोन दिवसांच्या पाहणीवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून नोंद तेवढीच ठेवली. पण ताटाएवढा दगड एकटा कातळावर टेकलेला असतो तेव्हा त्याच्याखाली जी चपटी सावली असते, ती गडग्यात नसते. हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

उरलेल्या तुकड्यात नव्याने सव्वीस दगड निवडणं शक्य होतं. निवडले नाहीत. आधीच्या चार फेऱ्यांशी त्यांची सांगड बसली नसती. मोकळ्या कातळाची संख्या चाळीसऐवजी चौदा, असं कारणासकट लिहिलं.

२६ मार्च

शिमग्याला ते गृहस्थ आले. पालखी सड्यावरून खालच्या वाडीत उतरत होती, आम्ही दोघं गडग्याला टेकून बोललो. मी मोबाइलवर पालीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले. “लहानपणी बघितलीय ही. गुरं राखताना. विषारी म्हणून मारायचो आम्ही.” मग विचारलं, “मग आता गडगा काढू का?” मी नको म्हटलं. दगड परत ठेवले तरी ते त्यांच्या मूळ बैठकीत बसणार नाहीत, आणि त्यांना पोराच्या शिक्षणासाठी कलमांचं उत्पन्न हवंय, ते मी कसं नाकारणार? एवढंच विचारलं की गडग्यापलीकडे झऱ्याच्या वरचा जो पट्टा आहे तिथले दगड राहतील का. तिथे सुरुंग लावून खड्डे केले तर पाण्याच्या वाटांवर परिणाम होईल अशी भीती वाडीलाही आहे, झऱ्याचे आकडे दाखवल्यावर तर जास्तच. “भावांशी बोलून सांगतो,” म्हणाले.

३० एप्रिल

हिशेब. सोबतीची रोजी २१,५०० (४३ दिवस). पेट्रोल १४,२००. डबे, सळई, दोर, रंग, कॅन मिळून २,७८०. तापमानाचं यंत्र १,९००. भिंगं ६००. मनगटाचा एक्स-रे आणि औषधं १,१५०. उतारे १३५. एकूण ४२,२६५ रुपये. पहिल्या आराखड्यात २०,००० धरले होते आणि त्यात सोबतीची रोजी नव्हतीच. ती आधी धरा. या सगळ्यात सर्वांत मोलाचा खर्च तोच होता.

वेळ : एकूण ५८ क्षेत्रदिवस, त्यातले माझ्या मोजणीने १७ वाया.

९ जून

पाऊस यंदा वेळेवर, ६ तारखेला रत्नागिरीत. शनिवारी दादांचा फोन आला, “मॅडम, पांढरी फुलं आली.” आज पहाटे निघालो. दिपकाडीची मोजणी या वर्षी हुकली नाही : पहिल्या तुकड्यात २१२ फुलोरे.

आजींच्या सत्तेचाळीस जागांचा नकाशा शाळेच्या भिंतीवर लावला, ठरल्याप्रमाणे आधी गावात. आजींनी बोट ठेवून दोन जागा चुकल्याचं दाखवलं. म्हशीची डबर आम्ही वडाच्या वरच्या अंगाला दाखवली होती, ती खालच्या अंगाला आहे. पेनने दुरुस्त केलं.

संध्याकाळी झऱ्यावरच्या पट्ट्यात गेलो. त्या भावांचा निर्णय अजून झालेला नाही. क्रमांक ९ चा दगड जागेवर होता. आकड्याने कलता केला. खाली ओलसर कातळ, मुंग्यांची रांग, आणि दोन पांढरी अंडी, वाटाण्याहून लहान. कुणाची ते खात्रीने सांगता येत नाही, म्हणून वहीत ‘पालीची अंडी, २, जात अनिश्चित’ एवढंच लिहिलं, आणि दगड होता तसा टेकवला.